सेशन रेडिसमध्ये नेल्यावर येणाऱ्या सीरियलायझेशनच्या चुका: त्या शोधायच्या कशा आणि दुरुस्त कुठे करायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेच्या कर्ज-अर्जांसाठी स्प्रिंग बूटवर लिहिलेले एक वेब ॲप्लिकेशन चार वर्षे एकाच सर्व्हरवर विनातक्रार चालले. मार्चअखेरचा ताण पेलावा म्हणून लोड बॅलन्सरमागे दुसरा सर्व्हर उभा केला आणि दोन्ही सर्व्हरना सेशन (वापरणाऱ्याची सर्व्हरने तात्पुरती लक्षात ठेवलेली माहिती) सामाईक मिळावे म्हणून ते स्प्रिंग सेशन या लायब्ररीच्या मदतीने रेडिस या मेमरीतल्या वेगळ्या माहिती-साठ्यात ठेवले. त्याच दिवसापासून अर्जाच्या जामीनदाराच्या पायरीवर ‘नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन’, म्हणजे या ऑब्जेक्टचे सीरियलायझेशन (बाइटांत रूपांतर) होऊ शकत नाही अशी चूक, येऊ लागली. ज्या क्लासचे नाव आले त्याला ‘इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल’ जोडले की पुढच्या क्लासचे नाव यायचे. असे करत करत शेवटी ‘हिकारीडेटासोर्स’ हे नाव आले, जो डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणारा लायब्ररीतला क्लास आहे, मुळात आपला नाहीच. मध्यंतरी नवी आवृत्ती चढवली तेव्हा आधीपासून लॉग-इन असलेल्या कर्मचाऱ्यांना ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’ अशी वेगळीच चूक दिसली. तेव्हा सगळ्याच क्लासेसना सीरियलायझेबल करून टाकावे का, असे विचारले आहे.

माझे उत्तर ‘नको’ असे आहे. संदेशात ज्या क्लासचे नाव येते तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष असतो तो त्याला सेशनपर्यंत ओढत आणणाऱ्या एखाद्या फील्डचा, आणि ते फील्ड त्या नावापासून चार-पाच कड्या अलीकडे, बऱ्याचदा आपणच लिहिलेल्या एखाद्या साध्यासुध्या फॉर्मच्या क्लासमध्ये बसलेले असते. तुम्ही आतापर्यंत साखळीच्या टोकाशी मलमपट्टी करत गेलात आणि प्रत्येक पट्टीबरोबर साखळी एका कडीने लांबली. डेटासोर्सपाशी ती थांबली हे एका अर्थाने बरेच झाले, कारण डेटाबेसचे जोडणी-कुंड बाइटांत गुंडाळून दुसऱ्या यंत्रावर पाठवता येत नाही, हे तिथे तरी स्पष्ट झाले.

चार वर्षे काहीच का बिघडले नाही, हे आधी पाहू. सेशन जेव्हा टॉमकॅटच्या (ॲप्लिकेशन चालवणाऱ्या वेब सर्व्हरच्या) स्वतःच्या मेमरीत असते तेव्हा ‘सेटॲट्रिब्यूट’ या मेथडने आपण तिथे ठेवतो तो केवळ ऑब्जेक्टचा संदर्भ. ऑब्जेक्ट हीपमध्ये (जावाच्या मेमरीत) जिथे आहे तिथेच राहतो, त्याचे बाइट कोणी करत नाही, आणि म्हणून तो सीरियलायझेबल आहे की नाही याची विचारपूसही होत नाही. रेडिस हा वेगळा प्रोसेस आहे, त्याला जावाचे ऑब्जेक्ट कळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्टच्या शेवटी बदललेल्या ॲट्रिब्यूटचे बाइट करावे लागतात आणि पुढच्या रिक्वेस्टच्या सुरुवातीला त्या बाइटांतून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करावा लागतो. म्हणजे चूक नवी नाही, ती उघडी पडणे नवे आहे. तुमच्या जुन्या लॉगमध्ये शोधलेत तर, सर्व्हरचा टॉमकॅट स्वतंत्रपणे चालवलेला असल्यास, तिचा माग तिथेही सापडण्याची शक्यता आहे: बंद होताना सगळी सेशन्स ‘सेशन्स डॉट एसईआर’ नावाच्या फाइलमध्ये, वर्क फोल्डरात लिहून ठेवण्याची आणि सुरू होताना वाचण्याची सवय टॉमकॅटला वर्षानुवर्षे होती, आणि त्या वेळी ‘सेशनमधील अमुक ॲट्रिब्यूट सीरियलाइझ करता आले नाही’ अशी इशाऱ्याची ओळ उमटत असे. सर्व्हर बंद करताना आलेली ओळ कोण वाचतो! अलीकडच्या आवृत्त्यांत ती सोय मुळातच बंद ठेवलेली असते, त्यामुळे तेवढी सूचनाही आता मिळत नाही.

आता संदेश वाचण्याकडे वळू, कारण निम्मे काम तिथेच होते. पहिली अडचण अशी की स्टॅक ट्रेसमध्ये (चुकीपर्यंत बोलावल्या गेलेल्या मेथडच्या यादीत) तुमचा कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा क्लास, दिसतच नाही. बाइट करण्याचे काम रिक्वेस्ट संपत आल्यावर स्प्रिंग सेशनच्या फिल्टरमध्ये होते, आणि ज्या ओळीने तो ऑब्जेक्ट सेशनमध्ये टाकला ती ओळ तोवर केव्हाच होऊन गेलेली असते. म्हणून ट्रेसमधील ओळ क्रमांकांच्या मागे धावू नका. दुसरे, दोन चुकांतला फरक ओळखा. सेशनमध्ये थेट ठेवलेला ऑब्जेक्टच सीरियलायझेबल नसेल तर स्प्रिंगचा नेहमीचा सीरियलायझर ‘डीफॉल्टसीरियलायझर रिक्वायर्स अ सीरियलायझेबल पेलोड’ अशी ‘इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन’ देतो. वरचा ऑब्जेक्ट ठीक असून त्याच्या पोटात कुठेतरी खोल अडले असेल तरच ‘नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन’ येते. तुमच्याकडे दुसरी आली आहे, म्हणजे वरचा फॉर्म ठीक आहे आणि मार्ग शोधायचा आहे.

हा मार्ग जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारी यंत्रणा) स्वतः सांगते, फक्त तसे विचारावे लागते. सर्व्हर सुरू करताना वजा-डी या पर्यायाने ‘सन.आयओ.सीरियलायझेशन.एक्स्टेंडेडडीबगइन्फो’ ही प्रॉपर्टी ‘ट्रू’ करा. ही सोय जावा ६ पासून आहे, आणि तरीही दहा-दहा वर्षे जावा लिहिणाऱ्या माणसांना ती ठाऊक नसते, याचे मला दर वेळी नवल वाटते. ती चालू असली की चुकीच्या संदेशाखाली फील्ड आणि ऑब्जेक्ट यांची एक उतरंड छापली जाते, आणि ती खालून वर वाचायची असते: सर्वांत खालची ओळ ‘रूट ऑब्जेक्ट’ची, म्हणजे सेशनमध्ये प्रत्यक्ष ठेवलेल्या ऑब्जेक्टची, आणि सर्वांत वरची ओळ ज्या फील्डपाशी अडले त्या फील्डची. तुम्ही दिलेल्या क्लासेसच्या नावांवरून तुमची उतरंड साधारण अशी निघेल: तळाशी रूट ऑब्जेक्ट ‘लोनॲप्लिकेशनफॉर्म’, त्याच्या वर ‘गॅरंटरस्टेप’ नावाचे फील्ड, त्या स्टेपमध्ये ‘व्हॅलिडेटर’ नावाचे फील्ड, व्हॅलिडेटरमध्ये ‘मेंबरसर्व्हिस’, सर्व्हिसमध्ये ‘मेंबरडाओ’ (डेटाबेसशी बोलणारा क्लास), आणि सगळ्यांत वर डाओमधले ‘डेटासोर्स’ हे फील्ड. खालून चढताना जिथे माहिती संपून काम करणारा क्लास सुरू होतो, तिथे बोट ठेवा. जामीनदाराचे नाव, सभासद क्रमांक, त्याची मिळकत ही माहिती आहे. व्हॅलिडेटर ही यंत्रणा आहे. माहितीच्या क्लासने यंत्रणा खिशात घेऊन फिरणे हाच मूळ दोष, आणि त्यानंतरचे सगळे क्लास त्या एका फील्डमागे ओढले गेलेले.

एक खबरदारी घ्या. ही उतरंड छापताना प्रत्येक ऑब्जेक्टची ‘टूस्ट्रिंग’ मेथड बोलावली जाते. तुमच्या फॉर्मच्या टूस्ट्रिंगमध्ये पॅन क्रमांक किंवा खाते क्रमांक असेल तर तो लॉगमध्ये उतरेल. म्हणून ही प्रॉपर्टी चाचणीच्या सर्व्हरवर वापरा, आणि खऱ्या सर्व्हरवर वापरावीच लागली तर काम झाल्याबरोबर काढा.

दुरुस्ती करताना मी नेहमी एकाच क्रमाने विचार करतो. पहिला प्रश्न, ही वस्तू सेशनमध्ये हवी आहे का? व्हॅलिडेटर नको आहे. तो कंट्रोलरमध्ये स्प्रिंगकडून मिळू द्या आणि स्टेपला ‘स्वतःला तपास’ म्हणण्याऐवजी व्हॅलिडेटरला ‘या स्टेपला तपास’ म्हणा. हा बदल दहा-पंधरा ओळींचा असतो आणि तो केला की मधल्या क्लासेसना तुम्ही जोडलेले सीरियलायझेबल काढून टाकता येते. ते जरूर काढा. सर्व्हिसच्या क्लासवर राहून गेलेले सीरियलायझेबल पुढे कोणीतरी खरे मानतो आणि ती सर्व्हिस पुन्हा एखाद्या फॉर्ममध्ये शिरते. सेशनमध्ये हायबरनेटची एंटिटी (डेटाबेसातल्या नोंदीचा ऑब्जेक्ट) ठेवली असेल तर तिच्याऐवजी तिचा क्रमांक ठेवा आणि हवी तेव्हा डेटाबेसातून आणा. एंटिटी सीरियलायझेबल असली तरी तिच्याबरोबर अर्धवट भरलेल्या याद्या जातात, आणि दुसऱ्या सर्व्हरवर त्या यादीला हात लावताच ‘लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन’ येते. ती चूक सीरियलायझेशनची दिसत नाही, पण तिचे मूळ तिथेच असते.

वस्तू फॉर्ममधून हलवणे खरोखरच शक्य नसेल तर ‘ट्रान्झियंट’ हा शब्द आहे, मात्र त्याचा सापळा समजून घेऊन तो वापरा. ट्रान्झियंट फील्डचे बाइट केले जात नाहीत, आणि ऑब्जेक्ट परत उभा राहतो तेव्हा त्या फील्डमध्ये ‘नल’ असते. सीरियलायझेबल क्लासचा ऑब्जेक्ट बाइटांतून उभा करताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालत नाही. फील्डच्या घोषणेतच ‘बरोबर न्यू अमुक’ असे लिहिले असले तरी तेही चालत नाही. स्प्रिंगलाही या ऑब्जेक्टची खबर नसते, त्यामुळे ‘ऑटोवायर्ड’ (स्प्रिंगने वस्तू आणून द्यावी ही खूण) लिहून काही मिळत नाही. परिणाम असा की जुनी चूक जाते आणि पुढच्याच क्लिकवर ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ येते. पुष्कळ जण मग नलची तपासणी घालतात आणि पडताळणी गुपचूप टळते. कर्जाच्या अर्जात जामीनदाराची पडताळणी टळणे ही चुकीच्या पानापेक्षा कितीतरी महाग गोष्ट आहे. पुन्हा मोजून काढता येणारी बेरीज, लॉगर, क्षणिक कॅश अशा गोष्टींना ट्रान्झियंट शोभते, आणि त्या वेळी ‘रीडऑब्जेक्ट’ ही खासगी मेथड लिहून ते फील्ड पुन्हा भरण्याची सोय करावी. फील्ड फायनल असेल तर तेही तिथे भरता येत नाही. लॉगर तर ‘स्टॅटिक’ करावा म्हणजे प्रश्नच मिटतो, कारण स्टॅटिक फील्ड ऑब्जेक्टबरोबर जात नाही.

सीरियलायझेबल ही खूण उरते ती निव्वळ माहिती वाहणाऱ्या क्लासेससाठी. पण तिथेही काही नावे भल्याभल्यांना चकवतात. एका कामात मी स्वतः अख्खी दुपार घालवली होती: सेशनमध्ये फक्त कर्जप्रकारांच्या संकेतांकांचा संच होता, सगळे स्ट्रिंग, आणि तरीही चूक येत होती. संदेशात ‘हॅशमॅप डॉलर कीसेट’ असे लिहिले होते आणि मी ‘हॅशमॅप तर सीरियलायझेबल असतो’ असे स्वतःशी म्हणत पुढे जात होतो. हॅशमॅप असतो, पण त्याच्या ‘कीसेट’ मेथडने मिळतो तो संच म्हणजे मॅपवर उघडलेली नुसती खिडकी, आणि ती खिडकी सीरियलायझेबल नसते. ‘व्हॅल्यूज’चेही तेच, आणि ॲरेलिस्टच्या ‘सबलिस्ट’चेही तेच. पानागणिक यादी दाखवण्यासाठी सबलिस्ट काढून ती सेशनमध्ये टाकणारा कोड मी किमान तीन ठिकाणी पाहिला आहे. उपाय सोपा: नवा हॅशसेट किंवा नवी ॲरेलिस्ट करून त्यात घटक उतरवून घ्या. ‘ऑप्शनल’ हा क्लासही मुद्दामच सीरियलायझेबल केलेला नाही, त्यामुळे फील्डचा प्रकार म्हणून तो वापरू नये. क्लासच्या नावात ‘लॅम्डा’ (जागच्या जागी लिहिलेले बिननावाचे फंक्शन) दिसले तर एखाद्या ट्रीमॅपला किंवा ट्रीसेटला दिलेला कम्पेरेटर (घटकांचा क्रम ठरवणारा ऑब्जेक्ट) आठवा. तो मॅपबरोबर बाइटांत जातो, आणि साधा लॅम्डा तसा जाऊ शकत नाही. आणि नावात डॉलरमागे नुसता आकडा असेल तर तो निनावी क्लास आहे. निनावी काय किंवा स्टॅटिक नसलेला आतला क्लास काय, बाहेरच्या ऑब्जेक्टचा संदर्भ बाळगू शकतो, म्हणजे कंट्रोलरमध्ये लिहिलेला चार ओळींचा आतला क्लास अख्खा कंट्रोलर बरोबर घेऊन येतो. त्याला स्टॅटिक करा किंवा वेगळ्या फाइलमध्ये काढा.

याहून वाईट प्रकार ज्यात चूकच येत नाही. तुमच्या फॉर्मचा पालक क्लास, समजा ‘बेसफॉर्म’, सीरियलायझेबल नाही आणि शाखेचा संकेतांक त्यात आहे. ‘लोनॲप्लिकेशनफॉर्म’ सीरियलायझेबल असल्यामुळे तो मुकाट्याने लिहिला जातो, पण पालकाची फील्डे बाइटांत जातच नाहीत. वाचताना पालकाचा बिनापॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि शाखेच्या जागी नल येते. तसा कन्स्ट्रक्टर पालकाकडे नसेल तर निदान ‘नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर’ असा संदेश मिळतो, आणि तोही लिहिताना नव्हे, वाचताना. ‘तिसऱ्या पायरीवर गेले की शाखा पुसली जाते’ अशा तक्रारींचे मूळ मला बहुधा इथे सापडले आहे.

त्याच जातीची आणखी एक गोष्ट रेडिसवर जाणाऱ्या प्रत्येकाला भेटते. सेशनमधून फॉर्म काढला, त्यावर ‘सेटअमाउंट’ केले आणि तो पुन्हा सेशनमध्ये ठेवला नाही, तरी जुन्या व्यवस्थेत चालत असे, कारण संदर्भ तोच होता. स्प्रिंग सेशन मात्र नेहमीच्या मांडणीत ‘सेटॲट्रिब्यूट’ झालेलीच ॲट्रिब्यूट्स रेडिसला पाठवते. त्यामुळे बदल केल्यावर ‘सेटॲट्रिब्यूट’ पुन्हा बोलवा. ‘सेव्हमोड’ बदलून वाचलेले सगळेच पुन्हा लिहायला लावता येते, पण मग प्रत्येक क्लिकला सगळे बाइट रेडिसकडे जातात आणि दोन टॅबमध्ये एकाच वेळी काम करणाऱ्याचा एक बदल दुसऱ्याने पुसला जाऊ शकतो.

आता तुमच्या दुसऱ्या चुकीकडे. ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’ या संदेशात दोन लांबलचक आकडे असतात: एक बाइटांत लिहिलेला ‘सीरियलव्हर्जनयूआयडी’, दुसरा सध्या चढवलेल्या क्लासचा. हा आकडा तुम्ही स्वतः लिहिला नसेल तर जावा तो क्लासचे नाव, त्याचे इंटरफेस, फील्डे, कन्स्ट्रक्टर आणि खासगी नसलेल्या मेथड यांवरून हॅश काढून ठरवते. म्हणजे कोणी एक पब्लिक गेटर जोडला की आकडा बदलला, आणि काल लिहिलेले बाइट आज अनोळखी झाले. जिथे सेशन चढवणीनंतरही टिकते तिथे हा आकडा हाताने लिहिलाच पाहिजे. पण लिहिताना घाई करू नका: रेडिसमध्ये जुने बाइट असताना आज अचानक ‘१’ लिहिलेत तर तेही जुळणार नाहीत. जेडीकेसोबत येणाऱ्या ‘सीरियलव्हर’ या साधनाने सध्या चालू असलेल्या क्लासचा काढलेला आकडा कोणता ते पाहा आणि तोच लिहा, किंवा मग सेशन्स पुसण्याची वेळ ठरवून ‘१’ लिहा.

आकडा कायम ठेवला की नवे फील्ड जोडता येते, जुन्या बाइटांतून वाचताना त्यात नल किंवा शून्य येते. फील्ड काढूनही टाकता येते. मात्र फील्डचा प्रकार इंटवरून लाँग केलात तर ‘इनकम्पॅटिबल टाइप्स फॉर फील्ड’ मिळते, आणि क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवलात तर ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’. दोन सर्व्हरपैकी एकावर नवी आणि एकावर जुनी आवृत्ती असा जो अर्धा-पाऊण तास चढवणीच्या वेळी जातो, त्यात तर बाइट दोन्ही दिशांनी प्रवास करतात: नव्याने लिहिलेले जुन्याला वाचावे लागते. तेव्हा ‘मी फक्त क्लास हलवला’ हा बदल दोन टप्प्यांत करावा लागतो किंवा रात्री सगळी सेशन्स मोडून करावा लागतो. पतसंस्थेसारख्या ठिकाणी रात्री दहाला कोणी लॉग-इन नसते. तिथे मी सरळ दुसरा मार्ग घेतो.

आकडा तुमच्या हातात नसलेला एक क्लास नक्कीच तुमच्या सेशनमध्ये आहे: स्प्रिंग सिक्युरिटीचा ‘सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट’, ज्यात लॉग-इन केलेल्याची ओळख असते. त्या लायब्ररीतील अनेक क्लासेसचा हा आकडा लायब्ररीच्या आवृत्तीशी बांधलेला होता, ५.२ ला ५२०, ६.० ला ६००, अशा पद्धतीने. त्यामुळे स्प्रिंग बूटची आवृत्ती वाढवली की तुमच्या एकाही ओळीत बदल नसताना प्रत्येक जुने सेशन वाचताना फुटायचे. आणि एक ॲट्रिब्यूट फुटले की त्या सेशनची सगळीच रिक्वेस्ट फुटते, लॉगआउटचीसुद्धा. कर्मचाऱ्याने कुकी पुसेपर्यंत किंवा सेशनची मुदत संपेपर्यंत त्याला चुकीचे पानच दिसत राहते. म्हणून अशा चढवणीच्या आधी सेशन्स पुसणे हा चढवणीच्या कागदावरचा एक टप्पाच असू द्या. स्वतःचा ‘यूजरडिटेल्स’ लिहिला असेल तर तोही याच कॉन्टेक्स्टमध्ये बसून रेडिसला जातो हे विसरू नका. त्यात रिपॉझिटरी किंवा अख्खी ‘यूजर’ एंटिटी ठेवलेली मी वारंवार पाहतो.

विकासाच्या यंत्रावर ‘क्लासकास्टएक्सेप्शन: लोनॲप्लिकेशनफॉर्म कॅनॉट बी कास्ट टू लोनॲप्लिकेशनफॉर्म’ असे विनोदी वाक्य दिसले तर घाबरू नका. स्प्रिंग बूट डेव्हटूल्स तुमचे क्लास वेगळ्या क्लासलोडरने (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाने) चढवते, आणि बाइट वाचणाऱ्याने तो क्लासलोडर वापरला नाही तर एकाच नावाचे दोन क्लास तयार होतात. डेव्हटूल्स काढून पाहा. चूक गेली तर खऱ्या सर्व्हरवर ती येणारच नाही.

‘स्ट्रीमकरप्टेडएक्सेप्शन: इन्व्हॅलिड स्ट्रीम हेडर’ ही चूक तुम्ही लिहिलेली नाही, पण रेडिसवर काम करताना ती आज ना उद्या भेटते, आणि तिचे उत्तर तिच्या पुढच्या आठ अक्षरांत लिहिलेले असते. जावाने सीरियलाइझ केलेल्या प्रत्येक प्रवाहाचे पहिले चार बाइट ठरलेले आहेत: षोडशमान पद्धतीत एसी, ईडी, ००, ०५. रेडिसच्या खिडकीत ‘स्प्रिंग:सेशन:सेशन्स’ने सुरू होणाऱ्या की उघडून पाहिल्यात तर तुमच्या ॲट्रिब्यूटच्या सुरुवातीला हेच दिसतील. संदेशात त्याऐवजी ‘ईएफ बीएफ बीडी ईएफ’ असेल तर कोणीतरी हे बाइट स्ट्रिंगमध्ये घालून परत काढले आहेत: एसी हा बाइट यूटीएफ-८ मध्ये एकटा वैध नाही, म्हणून त्याच्या जागी ‘अनोळखी अक्षरा’चे तीन बाइट, ईएफ बीएफ बीडी, येऊन बसतात, आणि ईडीचेही तेच होते. मूळ माहिती तिथे कायमची गेलेली असते. बाइट स्ट्रिंगमधून न्यायचेच असतील तर बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करून न्या. ‘७बी २२’ने सुरुवात असेल तर तो महिरपी कंस आणि अवतरणचिन्ह, म्हणजे तिथे जेसन (माहिती वाचता येईल अशा मजकुरात लिहिण्याची पद्धत) आहे आणि एक सर्व्हर जेसन लिहितो तर दुसरा जुन्या पद्धतीने वाचतो. ‘३सी ६८ ७४ ६डी’ असेल तर ते ‘एचटीएमएल’ टॅगची सुरुवात आहे: तुम्ही ऑब्जेक्ट मागितला आणि समोरून चुकीचे पान किंवा लॉग-इनचे पान आले. एवढे वाचता आले की तासभराचे डीबगिंग मिनिटावर येते.

जेसनचा विषय निघाला म्हणून सांगतो. सेशन जेसनमध्ये ठेवायचे असेल तर ‘स्प्रिंगसेशनडीफॉल्टरेडिससीरियलायझर’ या नावाचे बीन (स्प्रिंगने सांभाळायचा ऑब्जेक्ट) द्यावे लागते आणि जॅक्सन या जेसन लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लायब्ररीसाठीची स्प्रिंग सिक्युरिटीची मोड्यूल्स त्यात नोंदवावी लागतात. मग आकड्यांचा त्रास संपतो आणि रेडिसमधले डोळ्यांनी वाचता येते. पण तुमच्या फॉर्ममधला व्हॅलिडेटर तिथेही अडेल, फक्त ‘नो सीरियलायझर फाउंड’ अशा दुसऱ्या भाषेत. आधी साखळी तोडा, मग सीरियलायझर बदलायचा की नाही ते ठरवा.

सगळे क्लास सीरियलायझेबल करू नका म्हणण्यामागे सुरक्षेचेही कारण आहे. बाइटांतून ऑब्जेक्ट उभा करताना कोड चालतो, आणि बाइट कोणी दुसऱ्याने बनवले असतील तर कोणता कोड चालेल हे तो ठरवू शकतो. २०१५ मध्ये अपाची कॉमन्स कलेक्शन्स या सर्वत्र असलेल्या लायब्ररीतल्या क्लासेसची साखळी वापरून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते हे उघड झाले आणि वेबलॉजिकसह अनेक सर्व्हरना तातडीने पॅच काढावे लागले. त्यानंतर जावा ९ मध्ये येणाऱ्या बाइटांतील क्लासेसवर गाळणी लावण्याची सोय आली, ती ‘जेडीके.सीरियलफिल्टर’ या प्रॉपर्टीने चालते आणि जावा ८ च्या नंतरच्या अद्ययावत आवृत्त्यांतही दिली गेली. त्यामुळे ‘फिल्टर स्टेटस: रिजेक्टेड’ अशी चूक दिसली तर गाळणी सैल करण्याआधी तो क्लास तिथे आलाच का ते विचारा. तुमच्या बाबतीत एवढे तपासा की रेडिसचे पोर्ट बाहेरून उघडे नाही, त्याला पासवर्ड आहे, आणि कोणत्याही कुकीत किंवा लपवलेल्या फॉर्म-फील्डात सीरियलाइझ केलेला ऑब्जेक्ट ब्राउझरकडे जात नाही. बेस६४ मध्ये असा ऑब्जेक्ट छोटा आर, मोठा ओ, शून्य, ए, बी या अक्षरांनी सुरू होतो. ती अक्षरे ब्राउझरकडून येणाऱ्या रिक्वेस्टमध्ये दिसली तर ते काम सगळ्यांत आधी हाती घ्या.

हे सगळे पुन्हा होऊ नये म्हणून एक लहानशी युनिट टेस्ट लिहा: सेशनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक क्लासचा ऑब्जेक्ट ‘ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम’ने बाइटॲरेमध्ये लिहायचा, ‘ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम’ने परत वाचायचा आणि दोन्हींची फील्डे, पालक क्लासमधल्यांसह, जुळवून पाहायची. बिल्ड सर्व्हरवर या चाचणीसाठी वर सांगितलेली डीबगची प्रॉपर्टी कायम चालू ठेवता येते, कारण तिथे खऱ्या सभासदांची माहिती नसते. फक्त ऑब्जेक्ट नुसता ‘न्यू’ करून रिकामा देऊ नका. जावा फील्डचा जाहीर केलेला प्रकार पाहत नाही, त्यात प्रत्यक्ष काय आहे ते पाहते, आणि नल कोणत्याही तक्रारीविना लिहिला जातो. रिकाम्या फॉर्मवरची चाचणी म्हणूनच नेहमी हिरवी असते. फॉर्ममध्ये दोन जामीनदार भरा, कागदपत्रांची यादी खऱ्या सर्व्हिसकडून जशी येते तशीच घ्या, शाखा भरा, आणि अर्ज जामीनदाराच्या पायरीपर्यंत कंट्रोलरमधूनच पुढे न्या, म्हणजे व्हॅलिडेटर जिथे चिकटतो ती ओळ चाचणीतही चालेल.